रोग हटल्यानंतरचे दुखणे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याचा मान मंडळाने माझ्यासारख्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकास दिला, याबद्दल मी प्रथम चालकांचे मनःपूर्वक आभार मानतो. येथे आजवर संतवाङ्मय, मुलामुलींचे उच्च शिक्षण, विवाहातील अनाठायी खर्च अशा विषयांवर विद्वानांची व्याख्याने झाली आहेत. माझा विषय त्या मानाने रुक्ष, किंबहुना काहींना अप्रिय वाटेल असा आहे. तोंडाच्या व घशाच्या कर्करोगावर उपचार चालू असता रोग्याच्या तोंडाचा जो भयंकर दाह होतो आणि उपचार संपल्यावर त्याचा जबडा जो हळूहळू आखडतो, त्याविषयी शास्त्रज्ञांनी काय शोधून काढले आहे, आणि त्यातले आपल्या घरी काय उपयोगी पडेल, एवढेच मला सांगावयाचे आहे.

मी वैद्य नव्हे की डॉक्टर नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि पुढील आयुष्य पाढे, शुद्धलेखन व भूगोल शिकवण्यात गेलेले. परंतु हे दुखणे माझ्याच घरात आले, तेव्हा त्यासंबंधी मिळेल ते वाचणे आणि भेटेल त्या जाणत्यास विचारणे मला प्राप्त झाले. माझे सांगणे कोणी औषधाच्या जागी घेऊ नये. डॉक्टरांपुढे बसल्यावर कोणते प्रश्न विचारावेत हे समजण्यापुरते ते घ्यावे.

हा विषय आपल्यापासून दूरचा आहे असे कोणी समजू नये. भारतातील पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत आज तोंडाचा कर्करोग अग्रस्थानी आहे. त्याचे मुख्य कारण आपल्या खिशात व चंचीत आहे : तंबाखू, चुना, मावा, गुटखा आणि बायकांची मशेरी. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तरी पुड्या अजून कोठे मिळतात हे शाळेतील पोरांनाही ठाऊक असते. सुपारीस तर आपण निरुपद्रवी, किंबहुना मंगल मानतो. परंतु नुसती सुपारीही कर्करोगास कारण होते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दिला आहे.

सुपारीचा आजच्या विषयाशी आणखी एक संबंध आहे. सुपारी खाणाऱ्यांच्या गालाची आतील त्वचा पांढुरकी व ताठर होऊन तोंड उघडेनासे होते, असा एक स्वतंत्र विकार आहे. १९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरने आफ्रिकेतील केनिया देशात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडात तो पाहून त्याची नोंद केली, आणि पुढच्याच वर्षी आपल्या देशात डॉ. जोशी यांनी त्याचे वर्णन केले. १९६६ साली डेन्मार्कचे पिंडबोर्ग व मुंबईच्या डॉ. सत्यवती सिरसाट यांनी मिळून लिहिलेला त्यावरील निबंध आजही प्रमाण मानला जातो. अशा मनुष्यास पुढे कर्करोग झाला तर उपचाराला आरंभ होण्यापूर्वीच त्याचे तोंड अर्धे मिटलेले असते. हे लक्षात ठेवावे, म्हणजे पुढचे विवेचन समजण्यास सोपे जाईल.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेव्हापासून महाराष्ट्रातील कानाकोपऱ्यातून कर्करोगाचे रोगी तेथे जात आले आहेत. आता कर्करोगाचे उपचार इतर शहरांतही होतात. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधोपचार अशा तीन वाटांनी रोगाशी झुंज दिली जाते. किरणोपचारास आपल्याकडे ‘शेक देणे’ म्हणतात. आठवड्यातून पाच दिवस, रोज काही मिनिटे, असे तीस ते पस्तीस शेक सहा-सात आठवड्यांत दिले जातात. त्यांची एकूण मात्रा ‘ग्रे’ नावाच्या मापाने मोजतात आणि ती बहुधा साठ ते सत्तर ग्रे असते. किरण रोगाच्या पेशी मारतात. परंतु वाटेत येणाऱ्या निरोगी पेशींनाही ते पूर्णपणे सोडत नाहीत.

आपल्या तोंडाचे आतील अस्तर सतत झिजते आणि सतत नवे होते. जेवताना गाल चावला गेला तर ती जखम थोड्याच दिवसांत भरते, हा सर्वांचा अनुभव आहे. ही नवी घडण करणाऱ्या पेशी वेगाने वाढणाऱ्या असतात, आणि वेगाने वाढणाऱ्या पेशींवरच किरणांचा व कर्करोगाच्या औषधांचा घाला जास्त पडतो. जुने अस्तर झिजत राहते, नवे येत नाही, आणि तोंड सोलवटून निघते. यास डॉक्टर लोक ‘म्यूकोसायटिस’ म्हणतात. आपण मुखदाह म्हणू. औषधांमुळे होणारा मुखदाह बहुधा आठवड्याच्या आत सुरू होतो व दोन-तीन आठवड्यांत निवतो. किरणांमुळे होणारा दाह दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जातो आणि शेवटच्या शेकानंतरही काही आठवडे टिकतो.

पुष्कळ वर्षे डॉक्टरांचीही समजूत एवढीच होती की, पेशी मेल्या म्हणून त्वचा गेली. अमेरिकेतील बोस्टन येथील स्टीफन सोनिस यांनी २००४ साली दाखवून दिले की, हा दाह पाच पायऱ्यांनी चढतो. पहिल्या पायरीस इजा होते, पण वरून काहीच दिसत नाही. दुसऱ्या पायरीस त्वचेखालील पेशी दाह उत्पन्न करणारी द्रव्ये निर्माण करू लागतात. तिसऱ्या पायरीस ही द्रव्ये एकमेकांस चेतवून वणवा वाढवतात. चौथ्या पायरीस व्रण पडतात आणि त्यांत तोंडातले जंतू शिरतात. पाचव्या पायरीस त्वचा भरून येते. या शोधाचे महत्त्व असे की, तोंड लाल दिसण्यापूर्वीच आत आग लागलेली असते. म्हणून तोंडाची काळजी पहिल्या शेकाच्या आधी सुरू झाली पाहिजे, पहिला व्रण दिसल्यावर नव्हे.

दाह किती आहे हे सांगण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९७९ साली एक सोपी श्रेणी ठरवून दिली. काहीच त्रास नसेल तर शून्य. तोंड लाल होऊन हुळहुळत असेल तर एक. व्रण आहेत, पण रोगी घट्ट अन्न खाऊ शकतो, तर दोन. केवळ पातळ पदार्थच जातात, तर तीन. तोंडाने काहीच घेता येत नाही, तर चार. यातील दोन, तीन व चार या पायऱ्या ताटावरून ठरतात. रोगी काय खातो हे डॉक्टरांपेक्षा घरच्या गृहिणीस अधिक ठाऊक असते. काल गुरगुट्या भात खाल्ला, आज फक्त पेज गेली, असे तिने सांगितले तर तिने शास्त्रीय नोंदच दिली असे समजावे.

आता घरचा अनुभव सांगतो. माझ्या धाकट्या भावाची तशी अनुमती आहे. त्याच्या डाव्या गालास कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली आणि नंतर तेहतीस शेक ठरले. पहिले दोन आठवडे तो पायी जाऊन येत असे. तिसऱ्या आठवड्यात त्याला स्वतःची थुंकी गिळवेना. भाजीतील मिठाचा कणही निखाऱ्यासारखा लागे. एके दिवशी तो मला म्हणाला, “दादा, आता पुरे. उरलेले शेक मला नकोत. रोगाने मरेन तर मरेन, भुकेने मारू नका.” मी निरुत्तर झालो.

ज्या बंधूंच्या घरी असा प्रसंग येईल त्यांनी पुढील गोष्ट ध्यानात ठेवावी. विदर्स नावाच्या शास्त्रज्ञाने १९८८ साली दाखवून दिले की, उपचारास सुमारे चार आठवडे झाले म्हणजे वाचलेल्या कर्कपेशी पूर्वीपेक्षा अधिक वेगाने वाढू लागतात. मधे खंड पडला तर त्यांना आयतीच उसंत मिळते. उपचार ठरल्याहून जितके दिवस लांबेल तितकी रोग आटोक्यात येण्याची शक्यता घटते, आणि ती दर दिवसास सुमारे एक टक्का वा किंचित अधिक घटते असा हिशेब तज्ज्ञ मांडतात. मुखदाह हे केवळ सोसण्याचे दुखणे नाही, असे मी म्हणतो ते याचसाठी. दाह आवरला नाही तर शेक चुकतात, आणि शेक चुकले तर रोगास वाट मिळते. एका समजूतदार परिचारिकेने हे माझ्या भावास अर्धा तास बसून समजावले. डॉक्टरांनी वेदनाशामक औषध वाढवले व नाकातून नळी घालून अन्न दिले. त्याने तेहतीसही शेक पुरे केले.

या दाहावर उपाय काय, यासंबंधी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पुष्कळ प्रयोग झाले. त्यांतील काही इतके साधे आहेत की ऐकून नवल वाटते. १९९१ साली अमेरिकेत एका औषधाच्या बाबतीत असा प्रयोग झाला की, शिरेतून औषध सोडण्यापूर्वी पाच मिनिटे रोग्याने तोंडात बर्फाचे तुकडे धरावेत आणि अर्धा तास ते चघळत राहावे. थंडीने तोंडातील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, औषध तेथे कमी पोहोचते आणि दाह लक्षणीय उणावतो. परंतु हा उपाय काही ठराविक औषधांपुरताच आहे. शेकामुळे होणाऱ्या दाहास तो लागू नाही. प्रत्येक उपायास त्याची जागा असते, हा पहिला धडा.

दुसरा उपाय मंद लेसर किरणांचा. त्यांनी त्वचा भाजत नाही. उलट जखम भरण्यास साह्य होते. फ्रान्समध्ये १९९० नंतर त्याचे प्रयोग सुरू झाले. आपल्या शेजारच्या कर्नाटकात, मंगळूर येथे, २२१ रोग्यांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. तीत काही रोग्यांना खरा लेसर व काहींना नुसता देखावा अशी योजना होती, आणि कोणास काय मिळते हे रोग्यास वा तपासणाऱ्यास ठाऊक नव्हते. ज्यांना खरा लेसर मिळाला त्यांचा तीव्र दाह, वेदना आणि वेदनाशामकांची गरज ही तिन्ही कमी झाली.

तिसरा उपाय आपल्या फडताळातील मधाचा. २००३ साली मलेशियात चाळीस रोग्यांवर प्रयोग झाला. अर्ध्या रोग्यांना शेकाच्या आधी, शेकानंतर लगेच व पुन्हा सहा तासांनी मध देण्यात आला. ज्यांना मध मिळाला त्यांत तीव्र दाह २० टक्क्यांना झाला, ज्यांना मिळाला नाही त्यांत ७५ टक्क्यांना. हे वाचून आपल्यातील पुष्कळांना धन्यता वाटेल. परंतु पुढेही ऐकावे. इंग्लंडातील मँचेस्टर येथे मध आणि साखरेचा पाक यांची तुलना केली, आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत मधाचा विशेष लाभ आढळला नाही. मध निराळा, रोगी निराळे आणि तुलना निराळी. एका प्रयोगाने हुरळून जाऊ नये आणि दुसऱ्याने खचू नये, हा दुसरा धडा. मंगळूर येथेच हळदीच्या गुळण्यांचाही प्रयोग ऐंशी रोग्यांवर झाला व त्याचे फळ २०१४ साली आशादायक म्हणून प्रसिद्ध झाले. तथापि तेवढ्यावरून सर्वांनी हळद घ्यावी असे शास्त्र अद्याप म्हणत नाही.

या सर्व प्रयोगांची छाननी करून जगातील तज्ज्ञांच्या एका संघाने २०२० साली नवे मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात शेक घेणाऱ्यांसाठी मंद लेसरची आणि बेन्झिडामीन नावाच्या औषधाच्या गुळण्यांची शिफारस आहे. मधाचाही विचार करावा असे म्हटले आहे. उलट क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्यांचा शेकाचा दाह टाळण्यास उपयोग नाही, असेही स्पष्ट सांगितले आहे. दुकानदाराने दिलेली लाल-निळी बाटली घरी आणण्यापूर्वी आपण डॉक्टरांना विचारले पाहिजे, ते एवढ्याचसाठी. मऊ कुंचल्याने दात हळुवार घासणे, मीठ व खाण्याचा सोडा अगदी थोडा घातलेल्या कोमट पाण्याने दिवसातून अनेक वेळा गुळण्या करणे, तिखट, आंबट व कढत पदार्थ वर्ज्य करणे, एवढे मात्र प्रत्येक घरी करता येते. पेज, मुगाचे कढण, नाचणीचे सत्त्व, दुधात शिजवलेला रवा ही आपली जुनी पथ्ये येथे कामास येतात.

आता विषयाच्या दुसऱ्या भागाकडे वळतो, आणि माझ्या मते तोच अधिक उपेक्षित आहे. दाह दिसतो, दुखतो, आरडाओरड करतो. जबडा मात्र मुकाट्याने मिटत जातो.

कानापुढे, जबड्याच्या सांध्याजवळ, चावण्याचे बळकट स्नायू असतात. त्यांतील टेरिगॉइड नावाचे स्नायू आत खोल असून शेकाच्या वाटेत सापडतात. किरणांनी त्यांच्या मऊ मांसात हळूहळू ताठर तंतू निर्माण होतात. पीळ घातलेला सुंभ ओला होऊन वाळावा तसे ते आखडतात. शस्त्रक्रियेचा व्रण असेल तर त्याची ओढ निराळी. आयुर्वेदातील हनुग्रह हा शब्द अशाच अवस्थेचा वाचक आहे. डॉक्टर तिला ‘ट्रिस्मस’ म्हणतात. नेदरलँड्समधील रोटरडॅम येथील संशोधकांनी २००८ साली दाखवले की, या स्नायूंना चाळीस ग्रेच्या वर मिळणाऱ्या प्रत्येक दहा ग्रेमागे जबडा आखडण्याची शक्यता २४ टक्क्यांनी वाढते. म्हणूनच आता किरणांचा झोत स्नायू चुकवून देण्याचे यंत्रशास्त्र पुढे आले आहे. २०१० साली जगातील अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा जुन्या पद्धतीच्या शेकानंतर सुमारे २५ टक्के रोग्यांचा जबडा आखडलेला आढळला, आणि नव्या पद्धतीत, अभ्यास थोडे असले तरी, सुमारे ५ टक्क्यांचा.

आखडला म्हणजे किती? निरोगी मनुष्याचे तोंड वरच्या व खालच्या पुढील दातांमध्ये मोजले असता साधारण चाळीस ते पन्नास मिलिमीटर उघडते. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथील डॉक्टरांनी २००६ साली रोग्यांनाच विचारून व मोजून ठरवले की, पस्तीस मिलिमीटर वा त्याहून कमी उघडत असेल तर तोंड आखडले असे समजावे, कारण तेथपासून रोग्यास खाण्याची व बोलण्याची अडचण जाणवू लागते. हे मोजण्यास यंत्र लागत नाही. मुलांच्या कंपासपेटीतील सहा इंची पट्टीवर मिलिमीटरच्या खुणा असतातच. तीही नसेल तर स्वतःची मधली तीन बोटे उभी धरून दातांमध्ये जातात की नाही हे पाहावे.

माझ्या भावाचे शेक संपले, व्रण भरले, आणि आम्ही देवास नारळ फोडला. दोन-अडीच महिन्यांनी माझ्या वहिनीने, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंच्या पत्नीने, लक्षात आणून दिले की, तो जेवणाचा चमचा सोडून लहान चहाचा चमचा घेऊ लागला आहे. पट्टी लावली तेव्हा बावीस मिलिमीटर भरले. ज्या ठिकाणी उपचार झाले तेथून निघताना गोळ्यांची लांब यादी मिळाली होती. जबड्याविषयी मात्र एक शब्दही कोणी उच्चारला नव्हता. तेथे एकेका डॉक्टरासमोर शंभर-शंभर रोगी उभे असतात हे मी पाहिले आहे. म्हणूनच हे काम घरच्यांनी आपल्याकडे घेतले पाहिजे.

तैवानमधील २००५ सालच्या एका अभ्यासात असे आढळले की, शेक संपल्यानंतरच्या पहिल्या नऊ महिन्यांत तोंड वेगाने मिटत जाते व पुढे तो वेग मंदावतो. म्हणजे ज्या काळात घरचे लोक “सुटलो” म्हणून निःश्वास टाकतात, तोच खरा जागरणाचा काळ होय.

मग उपाय? १९९३ साली अमेरिकेत एकवीस रोग्यांवर दहा आठवडे एक तुलना झाली. काहींनी नुसता तोंड उघडण्याचा व्यायाम केला, काहींनी डॉक्टर जीभ दाबण्यास वापरतात त्या लाकडी पट्ट्या एकीवर एक रचून दातांमध्ये धरल्या, आणि काहींनी थेराबाइट नावाचे हाताने दाबण्याचे साधन वापरले. नुसत्या व्यायामाने सहा, पट्ट्यांनी साडेचारच्या आसपास आणि साधनाने साडेतेरा मिलिमीटर लाभ झाला. रोगी थोडे होते हे खरे. परंतु पुढे स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे साधनासह दहा आठवडे शिस्तीने व्यायाम घेतला गेला, आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत व्यायाम करणाऱ्यांचे तोंड सरासरी सहा मिलिमीटरांहून अधिक उघडले. न करणाऱ्यांचे एक मिलिमीटरही नाही. सहा मिलिमीटर हे ऐकण्यास क्षुल्लक वाटतात. पण भाकरीचा तुकडा आत जाणे आणि न जाणे यांत तेवढेच अंतर असते.

माझ्या भावास एका फिजिओथेरपिस्ट भगिनीने दिवसातून पाच वेळा व्यायाम लावून दिला. आधी गालावर ऊन कपड्याचा शेक, मग हळूहळू ताण, मग तो तीस सेकंद धरणे, मग विसावा. मी वहीत तारीख व मिलिमीटर लिहीत असे. पहिले तीन आठवडे आकडा जागचा हलला नाही. त्यानंतर तेवीस, चोवीस, पुन्हा तेवीस, असे करत वर्षाअखेर तो एकतीसवर आला. पस्तीस गाठले नाही आणि कदाचित गाठणारही नाही. परंतु तो भाकरी कुस्करून का होईना आपल्या हाताने खातो, आणि दंतवैद्यास त्याच्या दाढा तपासता येतात.

या व्यायामासंबंधी दोन इशारे दिलेच पाहिजेत. शेक घेतलेल्या जबड्याचे हाड नाजूक झालेले असते, म्हणून डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय जोर लावून तोंड उघडू नये. दुसरे असे की, सुधारत आलेले तोंड एकाएकी मिटू लागले, वा नव्याने दुखू लागले, तर ते रोग परत आल्याचे चिन्हही असू शकते. अशा वेळी व्यायाम वाढवीत बसू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे.

उपचारापूर्वीची एक गोष्टही याच जातीची आहे. शेक सुरू होण्यापूर्वी दंतवैद्याकडून सर्व दात तपासून घ्यावेत, आणि किडलेले दात काढावयाचे असल्यास ते आधीच काढून जखम भरू द्यावी. शेकानंतर दात काढल्यास हाडाची जखम भरत नाही व हाड सडण्याची भीती असते. शिवाय तोंड आखडल्यावर दंतवैद्याचे हत्यार आत जाणार तरी कसे?

बंधुभगिनींनो, आता मंडळाशी संबंध असलेल्या दोन गोष्टी बोलून आवरते घेतो. आपल्या वैद्यकीय साह्यनिधीतून शस्त्रक्रियेस मदत मिळते, ही भूषणाची गोष्ट आहे. परंतु निधीचे नियम रोगी रुग्णालयातून घरी आला की संपतात. माझी नम्र सूचना अशी की, दंतवैद्याची आधीची तपासणी, जबड्याच्या व्यायामाचे साधन आणि पुढील वर्षभर फिजिओथेरपीसाठी लागणारे गाडीभाडे यांचाही समावेश त्यात व्हावा. साधन महाग असल्यास मंडळाने दोन-तीन विकत घेऊन, चाकाची खुर्ची व पाण्याची गादी देतात तसे, ते जबडा व दात टेकण्याचे भाग प्रत्येकास नवे देऊन उसने द्यावे.

दुसरी गोष्ट पैशाची नाही. आपल्यात या रोगाचे नाव घेत नाहीत. “त्यांना ते झाले होते” असे म्हणतात. मुलीचे लग्न ठरावयाचे असेल तर तेवढेही म्हणत नाहीत. परिणाम असा होतो की, ज्याचे तोंड बोटभरच उघडते तो समारंभाचे निमंत्रण आले तरी येत नाही. पंगतीत घास उशिरा गिळला जातो, ओठातून वरण ओघळते, वाढपी पुढे निघून जातो आणि शेजारचा ताटावरून उठतो. याची त्याला लाज वाटते. रोगाने नव्हे, तर पंगतीने त्याला ज्ञातीबाहेर टाकलेले असते. जुन्या काळी बहिष्कार घालण्यास ठराव करावा लागे. येथे कोणी ठराव केलेला नाही, तरी बहिष्कार मात्र पडतो. आपल्या पुढील संमेलनाच्या भोजनात मऊ भात, कढण व खिरीची एक वेगळी पंक्ती असावी, तिला घाई नसावी, आणि तीत मंडळाच्या चालकांपैकी एखाद्याने बसून जेवावे, असे मला सुचवावेसे वाटते. आणि शेवटी फिरणाऱ्या तबकात अत्तरगुलाब खुशाल असावा, सुपारी तेवढी नसावी.

शास्त्रज्ञांनी बोस्टनपासून मंगळूरपर्यंत आपले काम केले आहे व ते चालू आहे. त्यांच्या श्रमाचे फळ आपल्या घरात यावयाचे तर तीन गोष्टी पुरेत : शेकाच्या आधी दात आणि तोंडाचे माप पाहणे, शेक चालू असताना दाह लपवून न ठेवता वेळेवर सांगणे, आणि शेक संपल्यावर वर्षभर दर आठवड्यास पट्टी लावून आकडा लिहून ठेवणे. ज्यांच्या घरी आज असा रोगी आहे त्यांनी संकोच न करता मजकडे यावे. वही कशी आखावी, एवढे तरी मी खात्रीने शिकवू शकेन.